बँड फुटला, पण नाव कोणाचं? भांडणातून जन्मलेल्या एका अंधाऱ्या आल्बमची गोष्ट

पक्ष फुटला की नाव कोणाचं आणि चिन्ह कोणाचं, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. पण हेच भांडण एखाद्या रॉक बँडमध्ये झालं तर? तिथे निवडणूक आयोग नसतो, सुनावणी नसते. मग ठरवायचं कुणी?

१९८६ साली इंग्लंडमध्ये एका गायकाने यावर भलताच तोडगा काढला. जुन्या साथीदारांनी जे नाव घेतलं होतं, त्याच नावाने त्याने घाईघाईत एक रेकॉर्ड बाजारात आणली. साथीदारांना नाव बदलावं लागलं. एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर ती फक्त संगीतविश्वातली एक गॉसिप ठरली असती. पण या भांडणातून जो आल्बम तयार झाला, त्याने गॉथिक रॉकला गिटारकडून थंड, यांत्रिक, इलेक्ट्रॉनिक आवाजाकडे ढकललं.

गायकाचं नाव अँड्र्यू एल्ड्रिच, मूळ बँडचं नाव 'द सिस्टर्स ऑफ मर्सी', भांडणातून उभ्या राहिलेल्या साइड प्रोजेक्टचं नाव 'द सिस्टरहूड' आणि आल्बमचं नाव 'गिफ्ट'. नेमकं काय झालं होतं? आणि चाळीस वर्षांनंतरही ही गोष्ट का सांगितली जाते? सुरुवातीपासून बघू.

गॉथिक रॉक म्हणजे काय?

१९७०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये पंक संगीताची लाट ओसरायला लागली. पंक म्हणजे वेगवान, आरडाओरडा करणारं, रागावलेलं संगीत. त्यानंतर आलेल्या काही बँड्सनी तो राग आतमध्ये वळवला. वेग कमी केला, बेस गिटार पुढे आणली, आवाजात भरपूर प्रतिध्वनी मिसळला. गाण्यांचे विषय बदलले. मृत्यू, एकटेपणा, धर्म, वासना, अपराधी भावना.

जॉय डिव्हिजन, सूझी अँड द बॅनशीज, द क्युअर ही त्यातली ओळखीची नावं. १९७९ मध्ये बाउहाउस या बँडने 'बेला लुगोसीज डेड' हे नऊ मिनिटांहून मोठं गाणं आणलं. बेला लुगोसी म्हणजे जुन्या ड्रॅक्युला सिनेमातला नट. गॉथिक रॉकची सुरुवात सांगताना बहुतेक जण याच गाण्याचं नाव घेतात.

पुढे या संगीताला काळे कपडे, काळं काजळ आणि धुराने भरलेला स्टेज ही ओळख चिकटली. गंमत म्हणजे ज्या बँडला या प्रकारातला सगळ्यात मोठा मानतात, त्या सिस्टर्स ऑफ मर्सीच्या एल्ड्रिचला 'गॉथ' हे लेबल कधीच आवडलं नाही. तो आपल्या बँडला सरळ रॉक अँड रोल बँड म्हणवतो.

ड्रमर माणूस नव्हताच

सिस्टर्स ऑफ मर्सीची सुरुवात १९८० मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स शहरात झाली. एल्ड्रिच आणि गिटारवादक गॅरी मार्क्स हे दोघे संस्थापक. बँडचं नाव लेनर्ड कोहेनच्या एका गाण्यावरून घेतलेलं. एल्ड्रिच भाषांचा विद्यार्थी होता. आधी ऑक्सफर्डला फ्रेंच आणि जर्मन, मग लीड्सला चिनी भाषा. पदवी काही पूर्ण झाली नाही, पण शब्दांशी खेळायची सवय कायमची लागली. पुढे याचा संदर्भ येणार आहे.

या बँडची एक गोष्ट वेगळी होती. अगदी सुरुवातीला ड्रम एल्ड्रिचच वाजवायचा, पण लवकरच ती जागा ड्रम मशीनने घेतली. म्हणजे तालाचे ठोके बटणं दाबून आधीच भरून ठेवायचे, मग मशीन ते न थकता वाजवत राहतं. सुरुवातीला त्यांनी वापरलेलं मशीन अगदी साधं होतं. त्याला त्यांनी नाव दिलं 'डॉक्टर अॅव्हलांच'. पुढे मशीनं बदलत गेली, पण नाव तेच राहिलं. आजही बँडच्या सदस्यांच्या यादीत डॉक्टरचं नाव असतं. माणसं आली आणि गेली, डॉक्टर मात्र टिकला.

याचा आवाजावर मोठा परिणाम झाला. माणूस ड्रम वाजवतो तेव्हा तो किंचित पुढे-मागे होतो, जोशात येतो, दमतो. मशीनला यातलं काहीच होत नाही. प्रत्येक ठोका जागच्या जागी. गिटार कितीही रडली, गायक कितीही कासावीस झाला, तरी खाली ताल निर्विकारपणे चालू राहतो. ही भावनाशून्यताच त्या गाण्यांना भीतिदायक बनवते. थोडक्यात, इलेक्ट्रॉनिक संगीताचं बी या बँडमध्ये सुरुवातीच्या काळापासून होतं. ते वर यायला मात्र भांडण व्हावं लागलं.

फूट कशी पडली?

मार्च १९८५ मध्ये बँडचा पहिला पूर्ण आल्बम 'फर्स्ट अँड लास्ट अँड ऑलवेज' आला. शब्द मुख्यतः एल्ड्रिचचे, पण बऱ्याच गाण्यांचं संगीत गॅरी मार्क्स आणि दुसरा गिटारवादक वेन हसी यांचं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा. नाव एकाचं गाजत असलं तरी काम अनेकांचं होतं.

आल्बम आल्यावर लगेचच मार्क्स बाहेर पडला. १८ जून १९८५ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बँडचा मोठा कार्यक्रम झाला. त्याचं चित्रीकरण पुढे 'वेक' या नावाने आलं. इंग्रजीत वेक म्हणजे जागं होणंही आणि मृताजवळ रात्र जागवणंही. नाव अगदी खरं ठरलं, कारण त्या बँडचा तो शेवट होता.

दुसऱ्या आल्बमची तयारी सुरू झाली, पण कोणती गाणी घ्यायची, कशी वाजवायची यावर एकमत होईना. १९८५ च्या शरद ऋतूत बेस वाजवणारा क्रेग अॅडम्स निघून गेला. पाठोपाठ हसीही गेला. मागे उरले दोघे. एल्ड्रिच आणि डॉक्टर अॅव्हलांच.

मग भांडण नावावरून कसं पेटलं?

हसी आणि अॅडम्स यांनी नवा बँड काढला आणि त्याला नाव दिलं 'द सिस्टरहूड'.

हे नाव साधंसुधं नव्हतं. सिस्टर्स ऑफ मर्सीचे चाहते स्वतःला याच नावाने ओळखायचे. म्हणजे नव्या बँडने मूळ नाव घेतलं नाही, पण असं नाव घेतलं की ऐकणाऱ्याला वाटावं, हे तेच लोक. चाहतेही आपसूक इकडे यावेत.

एल्ड्रिचचं म्हणणं होतं की, बँड मोडला तेव्हा ते नाव कुणीच वापरायचं नाही असं ठरलं होतं. 'सिस्टरहूड' ही त्या समजुतीला मागच्या दाराने दिलेली बगल आहे. दुसरीकडे हसी आणि अॅडम्स यांचीही बाजू होती. त्यांनी त्या बँडमध्ये काम केलं होतं, गाणी रचली होती, गावोगावी जाऊन वाजवली होती. त्या ओळखीत त्यांचाही वाटा होताच.

आता एल्ड्रिचकडे दोन मार्ग होते. कोर्टात जायचं, किंवा दुसरं काहीतरी करायचं.

कोर्टात न जाता नाव कसं अडवलं?

इंग्लंडच्या कायद्यात 'पासिंग ऑफ' नावाची एक संकल्पना आहे. एखादं नाव नोंदवलेलं नसलं तरी ते बाजारात तुमच्या कामामुळे ओळखलं जात असेल, तर दुसऱ्याला ते वापरून लोकांची दिशाभूल करता येत नाही. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. नावाला पत आहे, दुसऱ्याने लोकांची फसगत होईल असं काही केलं आहे, आणि त्यामुळे तुमचं नुकसान झालं आहे किंवा होणार आहे.

पण खटला म्हणजे वेळ आणि पैसा. शिवाय चाहत्यांनी स्वतःहून घेतलेल्या नावाची पत नेमकी कुणाची, हे सिद्ध करणार कसं?

एल्ड्रिचने सरळ हिशेब केला. नाव त्याचं, ज्याची त्या नावाने रेकॉर्ड आहे. त्याच्याकडे 'मर्सिफुल रिलीज' हे स्वतःचं छोटं लेबल होतं. मोठ्या कंपनीची परवानगी, बैठका, मंजुऱ्या यांची गरज नव्हती. त्याने माणसं गोळा केली, स्टुडिओ गाठला आणि जानेवारी १९८६ मध्ये 'द सिस्टरहूड' या नावाने 'गिव्हिंग ग्राउंड' हे गाणं बाजारात आणलं. इंग्रजीत या शब्दांचा अर्थ होतो माघार घेणं. माघार कुणी घ्यायची, हे वेगळं सांगायला नको.

हसी आणि अॅडम्स यांनी नाव बदललं. नवं नाव होतं 'द मिशन'. त्याच वर्षी त्यांचा पहिला आल्बम आला आणि पुढे द मिशन हा ब्रिटनमधला मोठा बँड झाला. म्हणजे नाव गेलं, पण त्यांचं करिअर काही बुडालं नाही. हेही सांगायला हवं.

२५ हजार पौंडांची भानगड काय?

या गोष्टीत एक आकडा कायम येतो. २५,००० पौंड.

आधी एक तांत्रिक बाब समजून घेऊ. गाण्याचे हक्क दोन प्रकारचे असतात. एक हक्क रेकॉर्डिंगचा, म्हणजे तुम्ही ऐकता त्या ध्वनिमुद्रणाचा. तो साधारणपणे रेकॉर्ड कंपनीकडे जातो. दुसरा हक्क रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. त्याचा व्यवहार बघणाऱ्या कंपनीला संगीत प्रकाशक म्हणतात. प्रकाशक रचनाकाराला पुढच्या कमाईतून आगाऊ रक्कम देतो. बँड फुटला की प्रश्न पडतो, ठरलेली पुढची आगाऊ रक्कम कुणाला द्यायची?

एल्ड्रिचच्या बाजूने सांगितली जाणारी कथा अशी की, फुटीनंतर जो आधी रेकॉर्ड आणेल त्याच्या वाट्याला ही रक्कम येणार होती. ती त्याने पटकावली. 'गिफ्ट' आल्बमच्या पहिल्या गाण्यात, 'जिहाद'मध्ये, हा आकडा एकेक अंक सुटा करून उच्चारला जातो. ज्यांना माहीत नाही त्यांना तो एखाद्या लष्करी सांकेतिक संदेशासारखा वाटतो. ज्यांना माहीत आहे त्यांना हसू येतं.

आल्बमच्या नावातही अशीच खोच आहे. 'गिफ्ट' म्हणजे इंग्रजीत भेट. एल्ड्रिच तोवर जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात राहायला गेला होता. जर्मन भाषेत 'गिफ्ट' या शब्दाचा अर्थ विष.

आल्बममध्ये आहे तरी काय?

जुलै १९८६ मध्ये 'गिफ्ट' आला. फक्त पाच गाणी. 'जिहाद', 'कलर्स', 'गिव्हिंग ग्राउंड', 'फिनलंड रेड, इजिप्त व्हाइट' आणि 'रेन फ्रॉम हेवन'. प्रत्येक गाणं सात-आठ मिनिटांच्या घरात.

सगळ्यात विचित्र बाब म्हणजे, ज्याच्या आवाजासाठी लोक सिस्टर्स ऑफ मर्सी ऐकायचे, तो एल्ड्रिच इथे मुख्य गायक नाही. मूळ बँडचा करार मोठ्या कंपनीशी होता, त्यामुळे दुसऱ्या नावाने गाणं सोपं नव्हतं, असं याचं कारण सांगितलं जातं. हे तसं नवीन नव्हतं. १९८३ मध्ये द क्युअरचा रॉबर्ट स्मिथ आणि बॅनशीजचा स्टीव्हन सेव्हरिन यांनी 'द ग्लव्ह' हा साइड प्रोजेक्ट केला होता. तिथेही करारामुळे स्मिथला बहुतेक गाणी गाता आली नाहीत आणि जनेट लँड्रे या गायिकेला पुढे यावं लागलं. साइड प्रोजेक्ट म्हटलं की आपल्याला कलाकाराचं स्वातंत्र्य आठवतं. प्रत्यक्षात त्याचा आकार अनेकदा वकिलांच्या कागदांनी ठरलेला असतो.

'गिफ्ट'च्या श्रेयनामावलीत मग कोण आहे? गायक जेम्स रे. 'द गन क्लब' या अमेरिकी बँडमधून आलेली पॅट्रिशिया मॉरिसन. मोटरहेडचा सुरुवातीचा ड्रमर लुकस फॉक्स. आणि 'सुइसाइड' या न्यूयॉर्कच्या जोडीतला अॅलन व्हेगा.

शेवटचं नाव सगळ्यात महत्त्वाचं. अॅलन व्हेगा आणि मार्टिन रेव्ह या दोघांच्या 'सुइसाइड'मध्ये गिटारच नव्हती. एक स्वस्त कीबोर्ड, एक ताल मशीन आणि एक भेदरवणारा आवाज. १९७७ मध्ये त्यांचा पहिला आल्बम आला, तेव्हा अनेक प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली होती. सिस्टर्स ऑफ मर्सी मात्र आपल्या कार्यक्रमांत सुइसाइडचं 'घोस्ट रायडर' वाजवायचे. व्हेगाचं नाव 'गिफ्ट'वर असणं म्हणजे एल्ड्रिचने आपण कुठून आलो याची दिलेली कबुलीच.

आवाज नेमका कसा बदलला?

'गिफ्ट' ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, गिटारची जागा सीक्वेन्सरने घेतली. सीक्वेन्सर म्हणजे स्वरांचा एक छोटा तुकडा यंत्रात भरून ठेवायचा आणि यंत्र तो फिरवून फिरवून वाजवत राहणार. बेसचा तोच तुकडा मिनिटामागून मिनिटं चालू राहतो. वरचे आवाज हळूहळू बदलतात. डान्स क्लबमधल्या संगीताची हीच पद्धत. फरक इतकाच की इथे नाचायचा आनंद नाही, काहीतरी वाईट जवळ येत असल्याची जाणीव आहे.

दुसरी, गाण्यात गोष्ट कमी आणि माहिती जास्त. 'फिनलंड रेड, इजिप्त व्हाइट'मध्ये एके-४७ रायफलची तांत्रिक माहिती सपाट आवाजात वाचली जाते. हे प्रेमगीत नाही, विरहगीत नाही, युद्धाविरुद्धचं भाषणही नाही. एखाद्या मिक्सरची माहितीपुस्तिका वाचावी, तशी हत्याराची माहितीपुस्तिका. आवाज कुठेही चढत नाही, म्हणूनच अंगावर काटा येतो.

तिसरी, गायक मध्यभागी नाही. रॉक संगीतात गायक म्हणजे नायक. इथे माणसाचा आवाज हा बाकीच्या आवाजांमधला एक आवाज आहे. बाजूला कुणीतरी बोलतं, मागे कुणीतरी गातं, पुढे यंत्र चालू राहतं.

हे सगळं एल्ड्रिचने शून्यातून शोधलं का? नाही. जर्मनीत क्राफ्टवर्क बँड दहा-बारा वर्षं यंत्रांवर संगीत करत होता. लीड्सजवळच्याच शेफिल्डमध्ये कॅबरे व्होल्टेअर हा गट टेप आणि सिंथेसायझरचे प्रयोग करत होता. बेल्जियममध्ये फ्रंट २४२ कडक तालाचं क्लब संगीत घडवत होता. जॉय डिव्हिजनचे उरलेले सदस्य 'न्यू ऑर्डर' या नावाने १९८३ मध्ये 'ब्लू मंडे' घेऊन आले होते. १९८६ मध्येच डेपेश मोडचा 'ब्लॅक सेलिब्रेशन' आला. हवा तयार होती. 'गिफ्ट'चं वेगळेपण असं की, गॉथिक रॉकच्या अगदी केंद्रातला माणूस गिटार बाजूला ठेवून त्या हवेत शिरला.

यंत्रं तीच, मुंबईतला सूर वेगळा

ही स्वस्त यंत्रं त्या काळात जगभर पोहोचत होती आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचं वेगळंच काही होत होतं. डॉक्टर अॅव्हलांचच्या सुरुवातीच्या अवतारांमध्ये जपानच्या रोलँड कंपनीची मशीनं होती. त्याच कंपनीची टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही यंत्रं घेऊन मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा आल्बम केला. सिंग हिंदी सिनेमासाठी वाजवणारे वादक होते. राग त्यांनी यंत्रावर बसवले.

तेव्हा त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये तो पुन्हा प्रकाशित झाला, तेव्हा परदेशातले श्रोते चकित झाले, कारण शिकागोत काही वर्षांनी जन्मलेल्या 'अॅसिड हाउस' संगीताशी तो कमालीचा जुळत होता. लीड्स आणि मुंबई यांचा एकमेकांशी संपर्क नव्हता. पण ठोके यंत्राच्या हवाली केले की संगीतात काय घडतं, हे दोन्हीकडे वेगवेगळ्या वाटांनी समोर आलं.

साइड प्रोजेक्टने मूळ बँडला काय दिलं?

नाव अडवण्यासाठी केलेला आल्बम, म्हणजे काम झाल्यावर विसरून जायचा, असं वाटू शकतं. तसं झालं नाही.

एल्ड्रिच आणि पॅट्रिशिया मॉरिसन यांनी सिस्टर्स ऑफ मर्सी हे नाव पुन्हा वर काढलं. १९८७ मध्ये 'दिस कोरोजन' हे गाणं आलं. निर्माता होता जिम स्टाइनमन. मीट लोफचा 'बॅट आउट ऑफ हेल' आणि बॉनी टायलरचं 'टोटल एक्लिप्स ऑफ द हार्ट' ज्याच्या लेखणीतून आले, तो स्टाइनमन. त्याने गाण्यात ४० जणांचा गायनसमूह आणला. गाणं ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर गेलं. त्याचा रोख हसीवर होता, असं मानलं जातं. नोव्हेंबरमध्ये आलेला 'फ्लडलंड' आल्बम नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

'फ्लडलंड'चा पाया कुठे आहे, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. तोच फिरत राहणारा बेस, तीच लांबलचक गाणी, तीच यंत्रांची शिस्त. पुरावाही उपलब्ध आहे. 'गिफ्ट'मधलं 'कलर्स' हे गाणं 'दिस कोरोजन'च्या मागच्या बाजूला पुन्हा ध्वनिमुद्रित करून टाकलं होतं. या वेळी एल्ड्रिचच्या आवाजात. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐका. एकाच गाण्यात साइड प्रोजेक्ट कुठे संपतो आणि मूळ बँड कुठे सुरू होतो, ते कानाला कळेल.

पुढे गॉथिक आणि इलेक्ट्रॉनिक या दोन वाटा अधिकाधिक जवळ आल्या. 'डार्कवेव्ह' हा शब्द रूढ झाला. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात १९९२ पासून भरणाऱ्या 'वेव्ह गोटिक ट्रेफेन' या महोत्सवात दोन्ही प्रकारचे श्रोते एकाच गर्दीत दिसतात. याचं श्रेय एकट्या 'गिफ्ट'ला देणं चूक ठरेल. पण या वाटेवरचा तो एक सुरुवातीचा मैलाचा दगड आहे.

तीच युक्ती, पुन्हा एकदा

गोष्टीचा दुसरा अंक १९९७ मधला आहे.

१९९० मध्ये 'व्हिजन थिंग' आला. त्यानंतर एल्ड्रिचचं कंपनीशी बिनसलं. कंपनी होती ईस्ट वेस्ट, वॉर्नर समूहातली. करारानुसार आणखी आल्बम द्यायचे होते. एल्ड्रिचने संपच पुकारला. काही वर्षं नवीन काहीच दिलं नाही.

शेवटी तोडगा निघाला. सिस्टर्स ऑफ मर्सीच्या उरलेल्या दोन आल्बमऐवजी त्याने दुसऱ्या नावाने केलेलं ध्वनिमुद्रण कंपनीने घ्यायचं आणि त्याला मोकळं करायचं. मग 'एसएसव्ही' या नावाने 'गो फिगर' हा आल्बम तयार झाला. टेक्नो संगीत, पण ड्रमशिवाय. टेक्नोचा जीवच ठोक्यात असतो. ठोका काढून घेतलेलं टेक्नो म्हणजे मिसळीतून तर्री काढून घ्यावी तसं. वर एल्ड्रिचची पुटपुट. कंपनीने ते न ऐकताच स्वीकारलं, असं सांगितलं जातं. आल्बम अधिकृतपणे कधीच विक्रीला आला नाही. चाहत्यांनी आपापसात प्रती वाटल्या.

एसएसव्ही या अक्षरांमागे भलं मोठं नाव दडलेलं होतं. त्याचा मथितार्थ असा की, भागधारकांचा नफा गेला खड्ड्यात, हा बँड नसून कंपनीच्या मूर्खांच्या कृपेने पैसे उडवायची आणखी एक संधी आहे.

दोन्ही साइड प्रोजेक्ट इलेक्ट्रॉनिक, दोन्ही भांडणातून आलेले. पण फरक मोठा आहे. 'गिफ्ट' रागातून आला तरी त्यात ऐकण्यासारखं संगीत होतं. 'गो फिगर' हा केवळ कागदावरची अट पूर्ण करण्यासाठी भरलेला रकाना होता. आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर काय झालं? बँड आजही दौरे करतो, नवी गाणी स्टेजवर वाजवतो. पण 'व्हिजन थिंग'नंतर एकही नवा स्टुडिओ आल्बम आलेला नाही. लढाई जिंकली, पण रेकॉर्ड थांबल्या.

याचा तुमच्याशी काय संबंध?

कलाकार विरुद्ध करार हे भांडण जुनं झालेलं नाही. १९९३ मध्ये प्रिन्सने वॉर्नरशी वाद सुरू असताना स्वतःचं नाव टाकून एक चिन्ह घेतलं. २०२१ पासून टेलर स्विफ्टने आपलेच जुने आल्बम पुन्हा ध्वनिमुद्रित करून बाजारात आणले, कारण मूळ रेकॉर्डिंगची मालकी दुसऱ्यांकडे होती. प्रत्येक वेळी प्रश्न तोच. गाणं तुमचं, आवाज तुमचा, पण मालक कोण?

भारतातही हे कायदे आहेत. 'पासिंग ऑफ'ची संकल्पना इंग्लंडच्या कायद्यातूनच आपल्याकडे आली आणि ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम २७ ने नोंदणी नसलेल्या नावासाठीही दाद मागायचा मार्ग मोकळा ठेवला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी लिहून घेता येणार नाही अशी तरतूद केली.

पण कायदा भांडण झाल्यावर कामाला येतो. कॉलेजचा बँड असो, यूट्यूब चॅनेल असो, पॉडकास्ट असो किंवा चार मित्रांनी काढलेलं मीम पेज, सुरुवातीला सगळे मित्र असतात आणि नाव कुणाचं हा प्रश्न विचारणं कोतेपणाचं वाटतं. लीड्समधल्या त्या मुलांनाही तेच वाटलं असणार. म्हणून तीन गोष्टी सगळ्यांचं पटतंय तेव्हाच लिहून ठेवलेल्या बऱ्या. नाव कुणाचं, गाण्यात किंवा कामात कुणाचा किती वाटा, आणि एखादा बाहेर पडला तर काय.

ऐकायला सुरुवात कुठून करायची? आधी 'फ्लडलंड' ऐका, तो कानाला सोपा आहे. मग 'गिव्हिंग ग्राउंड', मग दोन्ही 'कलर्स'. 'फिनलंड रेड, इजिप्त व्हाइट' रात्री हेडफोन लावून, आणि सगळ्यात शेवटी.